दिवाळीचा माल यायच्या आत जॅकेटं तपासा

गणपती गेले. आता नवरात्र, दसरा आणि मग दिवाळी. भिवंडीत मानकोलीपासून पडघ्यापर्यंत, चाकणला, लोणीकंद-वाघोलीच्या पट्ट्यात, उरण-पनवेलच्या यार्डांत ट्रकांच्या रांगा आत्ताच लांबायला लागल्यात. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत या गोदामांत नवी पोरं कामाला लागतील. कुणी जालन्याहून येईल, कुणी परभणीहून, कुणी थेट बिहार-ओडिशातून. पहिल्या दिवशी गेटवर त्यांच्या हातात एक जॅकेट पडेल. ते कुठलं असेल हे अजून ठरायचंय. म्हणून आजच लिहितोय. अजून वेळ आहे.

तुम्ही गोदामाचे मालक असाल. खरेदी बघत असाल, ठेकेदार असाल, मुकादम असाल, पाळीचे सुपरवायझर असाल. नाहीतर तुमच्या घरातलं कुणीतरी रोज संध्याकाळी डबा घेऊन गोदामात जात असेल आणि त्याचं जॅकेट तुम्हीच धूत असाल. तुम्ही कुणीही असा, या कामाला तुमचा हात लागू शकतो. कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

मी अकरा वर्षं गोदामात पाळी सांभाळली. जॅकेटं मागवायचं काम माझ्याकडे होतं. एका वर्षी दसऱ्याच्या आधी साठ जॅकेटं हवी होती. मी नारिंगी निवडली. का निवडली? दुकानदाराकडे तयार होती, शंभराच्या आत बसत होती आणि ऑडिटच्या फोटोत छान दिसायची. यापलीकडे मी विचार केला नाही. आमच्या रॅकचे आडवे बीमही नारिंगीच होते, उभे खांब निळे. पुष्कळ गोदामांत हेच रंग असतात. तुमच्याकडेही असतील, आठवून बघा.

त्याच गर्दीतली एक रात्र, दोनचा सुमार. एकवीस वर्षांचा मुलगा सगळ्यात खालच्या खणापुढे उकिडवा बसून खोकी मोजत होता. पाठ गल्लीकडे. फोर्कलिफ्टचा ऑपरेटर पॅलेट घेऊन गाडी मागे मागे आणत होता. त्याने मागे बघितलं होतं. कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतं, त्याने मान पूर्ण वळवली, बघितलं, आणि तरी गाडी येत राहिली. नारिंगी बीमपुढे नारिंगी पाठ होती. त्याला तिथे माणूस दिसलाच नाही. मुलाचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी त्याची आई गावाहून आली. दवाखान्यातून त्याचे कपडे एका पिशवीत घालून दिले होते. तिने एकेक बाहेर काढले. जॅकेट हातात आलं तेव्हा ते उलटंपालटं करून बघितलं, मांडीवर ठेवून व्यवस्थित घडी घातली. "नवं कोरं आहे की," म्हणाली. "धुऊन ठेवते. लागेल त्याला."

मी समोर उभा होतो. ते जॅकेट मी आणलं होतं.

आता धोका नीट समजून घ्या. अडीच टन माल उचलणारी फोर्कलिफ्ट स्वतःच साडेतीन-चार टनांची असते, म्हणजे घरच्या लहान गाडीच्या जवळजवळ चौपट. ती मागच्या चाकांवर वळते, त्यामुळे वळताना तिचा मागचा भाग एकदम बाहेर फिरतो. पुढचं पॅलेट उंच असलं की ऑपरेटरला समोरचं दिसत नाही, मग तो मागे बघत गाडी मागे घेतो. बॅटरीवर चालणाऱ्या गाडीचा आवाजही फारसा येत नाही. तासाला १० किलोमीटर हा वेग ऐकायला काहीच नाही. पण त्या वेगाने गाडी सेकंदाला पावणेतीन मीटर जाते. गल्लीच्या तोंडाशी कुणी बाहेर आलं, ऑपरेटरने "अरे" म्हटलं, तेवढ्यात ते पावणेतीन मीटर संपले. ब्रेक अजून दाबायचाच आहे.

त्याला तुमचा माणूस एक सेकंद आधी दिसला पाहिजे. जॅकेटाचं काम एवढंच. तो एक सेकंद तुम्ही विकत घेताय, हे लक्षात ठेवून खरेदीला बसा.

आधी रंग ठरवा. पण कॅटलॉग उघडू नका. आधी आपल्याच गोदामात जा. बंद फोर्कलिफ्टच्या सीटवर चढून बसा. तिथून समोर बघा, मग मान वळवून मागे बघा. काय काय दिसतं? बीम कुठल्या रंगाचे? पॅलेट? खोक्यांवरची पट्टी? शटर? या सगळ्यात जो रंग नाही तो तुमच्या माणसांना द्या. बीम नारिंगी असतील तर झगझगीत हिरवट-पिवळं घ्या, ते कोवळ्या लिंबासारखं. भरपूर उजेडात माणसाचा डोळा याच रंगाला सगळ्यात लवकर टिपतो. उलट काम बाहेरच्या यार्डात असेल, मागे गवत आणि शेतं असतील, तर नारिंगी-लाल उठून दिसतं. माझ्या साठ जॅकेटांत वाईट काहीच नव्हतं. मी ती चुकीच्या भिंतीपुढे उभी केली.

आणि कृपा करून रंगावरून हुद्दे लावू नका. हमालांना निळी, सिक्युरिटीला काळी, साहेबांना पिवळी, असं मी किती तरी ठिकाणी पाहिलंय. निळ्या कापडावर चमकती पट्टी शिवली म्हणून ते जॅकेट सुरक्षेचं होत नाही. आयएसओ २०४७१ या जगभर वापरल्या जाणाऱ्या मानकात कापडाचे तीनच रंग चालतात : झगझगीत पिवळा, नारिंगी-लाल आणि लाल. हे रंग साधे नसतात. डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण शोषून ते दिसणाऱ्या उजेडात बदलून बाहेर टाकतात, म्हणून ढगाळ दुपारी किंवा तिन्हीसांजेला आजूबाजूचं सगळं मळकं होतं तेव्हाही ते पेटल्यासारखे दिसतात. हुद्दा दाखवायचाच असेल तर पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहा. टोपी वेगळी द्या. जॅकेट मात्र हमालाचं आणि साहेबाचं सारखंच दिसू द्या.

आता पट्टी. आपण सगळे तिला रेडियम म्हणतो. त्यात रेडियम नसतं. काचेचे अगदी बारीक मणी असतात, नाहीतर सूक्ष्म प्रिझम. ती पट्टी स्वतः उजळत नाही. तिच्यावर उजेड जिकडून येतो तिकडेच ती तो परत पाठवते. हे वाक्य पुन्हा वाचा, कारण गोदामात सगळी फसगत इथेच होते. छतावरच्या दिव्याचा उजेड पट्टीवर पडतो आणि परत छताकडे जातो. खाली ऑपरेटरच्या डोळ्यांत तो येतच नाही. ऑपरेटरच्या गाडीचा दिवा बंद असेल तर तुमच्या माणसाच्या अंगावरची चांगल्यातली चांगली पट्टी म्हणजे नुसती राखाडी फीत.

म्हणून गाड्यांचे दिवे लावा. दिवसाही लावा, आतही लावा. ज्या फोर्कलिफ्टचा दिवा गेलाय ती आजच्या आज बाजूला काढा. बल्बचा खर्च किती आणि जॅकेटांचा किती, हिशेब तुम्हीच करा. दिवा नसेल तर साठ जॅकेटांवरच्या पट्ट्यांचे पैसे पाण्यात.

तुमच्याकडे आत्ता जी जॅकेटं आहेत त्यांची परीक्षा तुम्ही आज रात्रीच घेऊ शकता. दमडी लागत नाही. रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत सगळ्या गाड्या उभ्या करा, किल्ल्या काढून घ्या. एका गल्लीतले दिवे मालवा, किंवा यार्डाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जा. जॅकेट घालून एकाला वीस पावलांवर उभं करा. मोबाइलची बॅटरी लावा आणि मोबाइल थेट कानशिलाला, डोळ्याच्या शेजारी धरा. पट्टी जिवंत असेल तर ती पांढरी पेटून उठेल, डोळे दिपतील. मेलेली असेल तर मळक्या फडक्यासारखी दिसेल. आता मोबाइल कमरेपाशी आणा. तीच जिवंत पट्टी लगेच मंद झालेली दिसेल. उजेड परत जातो म्हणजे काय, ते तुमच्या ऑपरेटरलाही एकदा असं दाखवा. तासभराच्या व्याख्यानाने जे समजत नाही ते दोन मिनिटांत समजतं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा चाळीसातली सव्वीस जॅकेटं मेलेली निघाली. त्यातली निम्मी दिवसा बघायला ठीकठाक होती.

नवी घेताना गळ्याच्या आतलं लेबल वाचा. दुकानदार "चांगल्या क्वालिटीचं आहे" म्हणेल. त्याला विचारा, मानक कुठलं? आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोचं आयएस १५८०९ आहे. आयएसओ २०४७१ लिहिलेलं असेल तर शेजारी जॅकेटाच्या चित्राजवळ १, २ किंवा ३ असा आकडा असतो. तो वर्ग. पहिल्या वर्गात झगझगीत कापड फक्त ०.१४ चौरस मीटर लागतं, दुसऱ्यात ०.५०, तिसऱ्यात ०.८०. पट्टी अनुक्रमे ०.१०, ०.१३ आणि ०.२० चौरस मीटर. रुंदी निदान ५० मिलिमीटर. गाड्या आणि माणसं एकाच जागेत वावरतात तिथे दुसऱ्या वर्गाच्या खाली जाऊ नका, असं माझं ठाम मत आहे. रात्री यार्डात, ट्रक मागे घेतात त्या भागात काम असेल तर तिसऱ्याचा आग्रह धरा. त्यात बाह्या किंवा पँटवरही पट्ट्या येतात.

बाह्यांचं एवढं काय? सांगतो. स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ साली एक प्रयोग मांडला. अंधारात चालणाऱ्या माणसाच्या फक्त सांध्यांवर उजेडाचे ठिपके ठेवले, बाकी काही दिसू दिलं नाही. ठिपके हलायला लागताच बघणाऱ्यांनी ओळखलं, हा माणूस चालतोय. आपला डोळा माणसाची चाल ओळखायला इतका तयार आहे. छातीवरची एकटी पट्टी खांबावरची असू शकते, शटरची असू शकते. मनगटाशी आणि घोट्याशी हलणारी पट्टी माणसाचीच. ऑपरेटरला "काहीतरी चमकलं" कळण्यात आणि "माणूस आहे" कळण्यात जो वेळ जातो, तो तुमच्या माणसाला मिळतो.

माथाडी भावांसाठी तर हे जास्तच खरं आहे. माथ्यावर ओझं वाहणारा तो माथाडी. त्याच्या डोक्यावर गोणी असते तेव्हा त्याला मान वळवता येत नाही. मागून गाडी आली का, हे तो बघूच शकत नाही. त्याचं दिसणंच त्याला वाचवणार. आणि गोणी पाठीवर घेतली की जॅकेटाची मागची बाजू पूर्ण झाकली जाते. मागून येणाऱ्याला दिसते नुसती गोणी आणि खाली दोन काळपट पाय. त्या पायांवर पट्टी द्या. अण्णासाहेब पाटलांनी ज्या माणसांसाठी रस्त्यावर उतरून लढा दिला, ज्यांच्यासाठी १९६९ साली महाराष्ट्राने वेगळा कायदा केला, त्या माणसाला तुम्ही पँटवर किंवा पोटरीवर ५० मिलिमीटर रुंद पट्टी देऊ शकता. पोटरीला बांधायचे वेल्क्रोचे पट्टेही मिळतात.

बसून, वाकून, हात वर करून बघा. घालायला देण्याआधी एकाला पूर्ण जॅकेट चढवून खालच्या खणातलं खोकं उचलायला सांगा. मागून बघा काय उरतं. खांद्यावरून जाणाऱ्या उभ्या पट्ट्या असतील तर वाकल्यावरही पाठ दिसते. नुसत्या कमरेच्या आडव्या पट्ट्या पोटात दुमडतात. तो एकवीस वर्षांचा मुलगा उकिडवाच बसला होता.

मग माप. सगळ्यांना एक्सएल मागवू नका. मुली आता पॅकिंगला, पिकिंगला मोठ्या संख्येने येतात. त्यांच्या अंगावर ते जॅकेट गुडघ्यापर्यंत लोंबतं, कन्व्हेयरच्या रोलरजवळ नेमकं तेच अडकतं. त्यांना मापाचं द्या. साडीचा पदर, ओढणी जॅकेटाच्या आत घ्यायला सांगा, वरून आली की पट्टी झाकते आणि रोलरमध्ये जाण्याचीही भीती. बेल्टजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाला वेल्क्रोने सुटणारं जॅकेट द्या. ओढ बसली की ते अंगावरून सुटून येतं आणि माणूस मागे राहतो. चेन घट्ट लावलेलं जॅकेट माणसाला सोबत ओढून नेतं. एकेका मापाची दोन-दोन आणून आधी घालून बघायला द्या, त्यांनाच विचारा. "ताई, हात वर करून बघा, टोचतंय का?" एवढं विचारलंत तरी तुम्हाला अशा गोष्टी कळतील ज्या कुठल्याही लेबलवर लिहिलेल्या नसतात.

एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली काय होतं, तुम्हाला माहीत आहे. दुपारी दोनला लोक जॅकेट काढून पॅलेटवर टाकतात. त्यांना ओरडण्याआधी एकदा तुम्ही ते जाड पॉलिस्टर घालून तासभर गोणी उचला. मग जाळीच्या कापडाचं मागवा. ऑक्टोबरच्या उकाड्याची झळ आता येतेच आहे. सर्वांत महागडं जॅकेट अंगावर नसेल तर ते काय कामाचं? आणि पावसाळ्यासाठी पट्ट्या असलेला रेनकोट वेगळा घ्या. साधा काळा-निळा रेनकोट जॅकेटावर चढला की आतली सगळी काळजी झाकून जाते. परतीचा पाऊस अजून गेलेला नाही, विसरू नका.

आता घरच्यांशी बोलतो. आई, ताई, वहिनी, आणि घरी धुणं धुणारे दादासुद्धा. जॅकेट जिवंत ठेवणं बरंचसं तुमच्या हातात आहे. ते दगडावर आपटू नका. ब्रशने पट्टी घासू नका, त्या मण्यांचा थर खरवडून निघतो. ब्लीच घालू नका. पट्टीवर इस्त्री फिरवू नका. साध्या साबणाच्या पाण्यात हलकं चुबकून सावलीत वाळवा, कडक उन्हात झगझगीत रंग उडतो. लेबलवर किती धुण्यांपर्यंत पट्टी टिकते ते लिहिलेलं असतं, कुठे २५ असं असतं. जॅकेट विटलं, पट्टी सुटली, तेलाने काळी पडली, तर त्याला तसंच घालून पाठवू नका. "दुसरं माग," म्हणून सांगा. तुम्ही सांगितलेलं तो ऐकतो, सुपरवायझरचं ऐकतो त्याहून जास्त. रात्री निघताना डबा घेतला का विचारता ना? जॅकेट घेतलं का, हेही विचारा.

ठेकेदार बंधूंनो, तुमच्याशी एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे. काही ठिकाणी पहिल्या पगारातून जॅकेटाचे पैसे कापतात. असं करू नका. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीविषयीची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे, आणि सुरक्षेसाठी दिलेल्या कुठल्याही गोष्टीचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत असं तीही सांगते. पण कायदा बाजूला ठेवा. पैसे कापले की मुलगा काय करतो? फाटेपर्यंत तेच वापरतो. पट्टी मेली तरी बदलून मागत नाही, पुन्हा पैसे जातील म्हणून. आणि रोजंदारीवर चार दिवसांसाठी आलेल्याला तर मागच्याने टाकलेलं, कोपऱ्यातलं, कुबट वासाचं जॅकेट मिळतं. सगळ्यात नवख्या माणसाला सगळ्यात मेलेलं जॅकेट. त्याला गल्ल्या माहीत नाहीत, गाड्यांची वळणं माहीत नाहीत, ओरडून सांगितलं तर कधी भाषाही कळत नाही. त्याला नवं द्या. जुन्या माणसांना हे समजावून सांगा, ते मोठ्या मनाचे असतात, ऐकतील.

ट्रकबरोबर येणाऱ्यांनाही विसरू नका. ड्रायव्हर खाली उतरून कागद घेऊन ऑफिस शोधत फिरतो. क्लीनर गाडीच्या मागे उभा राहून "आने दो, आने दो" करत दोन्ही हात हलवतो आणि ड्रायव्हरला आरशात तो दिसेनासा होतो. गेटवर दहा-बारा चांगली जॅकेटं टांगून ठेवा. वॉचमनकाकांना सांगा, जॅकेट घातल्याशिवाय कुणाला खाली उतरू द्यायचं नाही, मग तो मालकाचा पाहुणा का असेना. जाताना परत घ्या.

आणि एका भ्रमात राहू नका. जॅकेट दिलं म्हणजे काम झालं, असं मला वाटायचं. जॅकेट शेवटचा आधार आहे. त्याआधी चालायची वाट आणि गाड्यांची वाट वेगळी करा, मधे नुसता पिवळा पट्टा नको, जमेल तिथे लोखंडी कठडा घाला. गल्लीच्या तोंडाशी गोल आरसा लावा. एखाद्या गल्लीत मोजणी चालू असेल तेव्हा दोन्ही तोंडांना साखळी ओढा, आत गाडी नाही म्हणजे नाही. आमच्याकडे ती साखळी त्या रात्रीनंतर आली. खरेदीचं बिल साडेतीनशे रुपयांचं होतं, मीच सही केली त्यावर.

तो ऑपरेटर अजून माझ्या ओळखीचा आहे. त्याने गाडी सोडली. आता भाजी विकतो. पहिले सहा महिने घरात कुणाशी बोलला नाही, असं त्याच्या बायकोने सांगितलं. त्याची दोन मुलं होती, मोठी मुलगी दहावीला. चूक त्याची नव्हती, चौकशीतही तसंच निघालं. त्याला ते सांगून उपयोग झाला नाही. "साहेब, मी बघितलं होतं," एवढंच म्हणत राहिला. तुमच्या गोदामातल्या ऑपरेटरकडे उद्या जरा बघा. तोही कुणाचा तरी बाप आहे. त्याला दिसेल असं करा. तो बघतोच आहे.

उसाच्या ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर का लावायचा, हे आता आपल्या गावागावांत कुणाला समजावावं लागत नाही. रस्त्यात उभ्या ट्रॉलीवर अंधारात आदळून किती घरं बसली, तेव्हा हे कळलं. गोदामांत आपण तेवढी घरं मोजायची वाट बघायची का? तुम्ही बघणार नाही, मला खात्री आहे. तुम्ही माणसं चांगली आहात. मीही वाईट नव्हतो. मी फक्त घाईत होतो, आणि दिवाळी तोंडावर होती.

म्हणून घाई वाढायच्या आत हे करा. आज रात्री मोबाइल कानशिलाला धरून सगळी जॅकेटं बघा. मेलेली एका बाजूला काढा. उद्या सकाळी बंद फोर्कलिफ्टवर बसून रंग ठरवा. नवीन मागवा, मापं लिहून मागवा, आणि त्यातलं एक न वापरता बंद कपाटात ठेवा. दर महिन्याला बाकीची त्याच्या शेजारी धरून बघत जा, रंग किती उडालाय ते डोळ्यांनाच कळेल. मेलेली जॅकेटं कोपऱ्यात टाकू नका. गर्दीच्या दिवशी कुणीतरी ती उचलून नव्या पोराच्या अंगावर चढवतंच. कात्री घ्या, गळ्यापासून खालपर्यंत सरळ कापा आणि फडकी करा. फरशी पुसायला द्या.

हे घटस्थापनेच्या आत करा. त्यानंतर तुम्हाला जेवायलाही वेळ मिळणार नाही, मला माहीत आहे.